सातवी रात्र

नेरुळला, उच्चदाबाच्या तारांखाली माझी नर्सरी.
इथे झाडाला उंच व्हायची परवानगी नाही.
म्हणून माडाच्या जातीचं जे काही लावतो
ते कमरेएवढं झालं की विकायचं,
डोक्याएवढं झालं की पडेल भावात विकायचं.

पहाडी पंखापामची बारा रोपं मात्र कुणी नेईना.
खोडाला घोंगडीसारखे केस,
एप्रिल आला की पानांची टोकं करपलेली.
गिऱ्हाईक विचारायचं, आजारी आहे का हो?
मी म्हणायचो, नाही, उकडतंय त्याला.

मग रेवती म्हसकर आली.
बोगद्यांच्या कामावर असते, बदली झालेली.
गावाचं नाव मला नीट ऐकू आलं नाही,
एवढं कळलं की तिथे नळ गोठतात
आणि क्वार्टरच्या खिडकीतून हिरवं काही दिसत नाही.
"काका, हे किती थंडी सोसेल?"

आता खोटं कशाला बोलू,
एकदा करावे गावातल्या एका म्हाताऱ्याला
मी जांभळाचं बियांचं रोप कलम म्हणून विकलं होतं.
तिसऱ्या वर्षी धरेल, म्हणालो होतो.
तो दर उन्हाळ्यात यायचा, विचारायचा, रागवायचा नाही.
मग यायचा थांबला.
म्हणून रेवतीला म्हणालो, पंधरा दिवस दे. बघून सांगतो.

बघणार कुठे?
मला ठाऊक असलेली थंडी म्हणजे
जानेवारीत पहाटे पाइपचं पाणी हाताला झोंबतं, तेवढी.

दिवाळ्याला भानुदास नाखव्याचा बर्फाचा कारखाना.
संध्याकाळी टेम्पोत तीन कुंड्या घातल्या.
आत अमोनियाचा वास,
लाद्या ओढणाऱ्या पोरांनी पायाला गोणपाट बांधलेलं.
नाखवा हसला, "झाराला हिव लागंल ना रं!"
आणि स्वतःच पापलेटच्या दोन पाट्या सरकवून
जागा करून दिली.

रात्री बर्फात, दिवसा उन्हात.
असे सहा दिवस ने-आण केली.
बायको म्हणाली, पोरांना शाळेत असं कधी सोडलं नाहीत.
सातव्या दिवशी होड्या आल्या, जागा संपली.

नंतर सावलीत ठेवून नुसती वाट पाहिली.
पामचा जीव एकाच ठिकाणी असतो,
मधला भाला, न उघडलेलं पान.
दोन बोटांत धरून हलकेच ओढायचा.
एकाचा हातात आला,
म्यानातून यावा तसा, खाली आंबूस चिखल.
त्याच्याच गाभ्यात मी पहिल्या संध्याकाळी
सवयीने पाणी मारलं होतं.
कोरडी राहिलेली दोन्ही
जिथल्या तिथे घट्ट.

म्हणजे थंडीने नाही,
आत साचून राहिलेल्याने मरतं.
मी बराच वेळ उकिडवा बसून राहिलो,
तो भाला हातात घेऊन.

रेवतीला दोन्ही दिली. एकाचेच पैसे घेतले.
पाटीवर खडूने लिहिलं, मग पुसलं जाईल म्हणून मार्करने:
शेंडा कोरडा ठेव. बुंध्याला सुका पाला.
बर्फ पडला तर गोणपाटाची कुंची घाल, वरून बांध.
सहा रात्री सोसल्या आहेत.
सातवी माहीत नाही.

काल रात्री तिचा फोन.
आवाज मध्येच तुटत होता.
बर्फ तीन दिवस थांबलेला नाही,
एकाची पानं तांब्यासारखी झालीत,
दुसऱ्याचं गोणपाट सोडायला हात धजत नाही.
"काका, भाला ओढून बघू?"

मी बाहेर आलो. तारा गुणगुणत होत्या.
खाली उरलेली नऊ, घामेजलेली, गुडघ्याएवढी.
म्हणालो, नको.
ऊन पडेपर्यंत हात लावू नकोस.
"आणि पडलंच नाही तर?"
रेंज गेली होती,
तरी मी फोन कानाला धरून
बोलत राहिलो.