उरलेलं किती

मे महिन्यात इथं सावलीतही पारा शेहेचाळीस.
पलीकडच्या शिवारात मोहाच्या टोया गळतात,
अलीकडं, मातीच्या टेकाडाखाली,
सतरा नंबरच्या कोठारात
लॉट त्र्याण्णव झोपलेला.

झोपलेला म्हणायची पद्धत आहे.
दारू झोपत नाही.
अंधारात, बंद पेटीत, कुणी हात न लावता
ती कणाकणानं उसवत असते,
आणि उसवताना जी वाफ सोडते
तीच वाफ तिला आणखी उसवते.
तापाला ताप चढावा, तसं.

म्हणून बनवतानाच टाकतात तिच्यात
पोत्यामागं ओंजळभर दुसरं काही.
ते झळकत नाही, गोळीला वेग देत नाही.
निघालेली वाफ पिऊन टाकतं, एवढंच.
पितं, पिवळं पडतं, मग तपकिरी,
आणि संपत जातं.

शालिक नंदनवार, माझ्या आधीचा टेस्टर,
पहिल्याच दिवशी म्हणाला होता,
"दारूले काय विचारतं वं पोरी, जोर किती म्हणून?
जोर असतेच तिच्यात.
राखणदार किती उरला, थे विचार."

एकवीस वर्षं मी तेच विचारते.
काचेची नळी, घड्याळ,
कागदाची पट्टी कधी रंग बदलते त्याची वाट.
रजिस्टरात एक आकडा, दरवर्षी थोडा लहान.
आकड्याखाली कुणी शाबास लिहीत नाही;
काही झालं नाही, याला शेरा नसतो.

यंदा लॉट त्र्याण्णवचा आकडा
रेघेखाली आला.
पुन्हा तपासला. पुन्हा तोच.
नळ्या धुतल्या, पंखा बंद केला, तिसऱ्यांदा.
सही करताना पेन अडलं.
गरमीनं शाई सुकली असेल.

सोमवारी पहाटे, ऊन चढायच्या आत,
मैदानात लांबच लांब ओळीत पसरून
पेटवला त्याला.
आवाज नाही. नुसता एक पिवळा फुत्कार
या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेला,
आणि एक टिटवी ओरडत उठली, वैतागून.

कौतिका वैरागडे दळण घेऊन चालली होती.
म्हणाली, "काय जळून रायलं वं तिकडं?"
म्हटलं, काडीकचरा.

घरी येऊन माठातलं पाणी प्यायले,
उभ्यानंच,
एकामागून एक तीन गडवे.