बंद नंबर

गेट उघडं राहिलं.
एसीवाला येऊन गेला होता, मग पाण्याच्या बाटल्यावाला,
त्यांच्यापैकीच कोणीतरी, असं मी आठवडाभर सांगत सुटले.
खरं तर शेवटची बाहेर पडले ती मी,
एका हातात कचऱ्याची पिशवी, फोन खांद्यात दाबलेला,
आईच्या गुडघ्यांबद्दल ऐकत, हं हं करत.

बुदैया. ऑगस्ट.
रात्री अकरालाही भिंतींना घाम.
दुसऱ्या दिवशी दुपारी डांबरावर मी तळहात ठेवून पाहिला.
पाच मोजायचे ठरवले होते.
तीनला उचलला.
तिला तर चार.

शेजारची नूफ अरबीत कागद लिहायला बसली.
"खूण?"
नाकावर तीळ, म्हणून तिळी.
डावा कान दुमडलेला.
ढोल वाजला की न्हाणीघरात जाऊन बसते.
"शेवटची लस?"
मी पुस्तिका काढली.
मार्चमध्ये होती. होती म्हणजे, घ्यायची होती.
नूफ काही बोलली नाही.
पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

"चिप आहे ना?"
आहे की! मानेत, तांदळाच्या दाण्याएवढी.
मला वाटायचं ती वरून कुणालातरी दिसते,
नकाशावर एक ठिपका, आणि ठिपका म्हणजे ती.
तसलं काही नसतं.
चिपला येतो फक्त एक आकडा,
आकड्यापुढे माझं नाव, नावापुढे फोन,
आणि फोन तो,
जुन्या कंपनीचा,
ज्याचं सिम मी दोन वर्षांपूर्वी चिमट्याने काढून
कपबशीत टाकलं होतं.
बँकेला नवा नंबर त्याच दिवशी कळवला.
सुपरमार्केटच्या पॉइंटांच्या कार्डालासुद्धा.

नवव्या दिवशी कोल्ड स्टोअरच्या दारावरचा कागद वाचून
एक माणूस बोलला,
"दीदी, मोयना आपकी है क्या?"

तोफज्जल. नोआखालीचा.
खजुरांमागच्या भाजीच्या मळ्यावर मोटर चालवतो.
पंपघरात ओलं पोतं अंथरलेलं,
वाडग्यात भात, माशाचे काटे काढून
कडेला नीट रचलेले.
पंजांना हळद आणि खोबरेल.
सायकलच्या क्रेटमध्ये बसवून तो तिला दवाखान्यात घेऊन गेला होता,
त्यांनी चिप वाचली, त्याला नंबर लिहून दिला,
म्हणाले, लागत नाही.

मी पर्स उघडली. वीस दिनार.
त्याने नोटांकडे पाहिलं नाही, स्वतःचा फोन पुढे केला.
तडा गेलेल्या काचेखाली
माझा जुना नंबर, एकाखाली एक,
रोज पहाटे, नमाजानंतर.
सात वेळा.
"बंद बोलता है," तो म्हणाला,
"पर आदमी कभी तो चालू करेगा."

तिळी, मी हाक मारली.
ती धावली. अर्ध्या वाटेवर थांबली,
मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.
ते पाहणं मला लागलं, लागायलाच हवं होतं.
"जा रे मोयना," तो बंगालीत काहीतरी म्हणाला
आणि मोटरचं काम असल्यासारखा आत गेला.

दवाखान्यात फॉर्म नव्याने भरला.
लस. पट्ट्यावर पाटी. नवा फोन.
खाली एक रकाना होता:
तुमच्याशी संपर्क न झाल्यास?
आधीच्या फॉर्मवर तिथे मी रेघ मारली होती,
लांब, सुबक, घाईची.
या वेळी तोफज्जलला विचारून त्याचा नंबर लिहिला.
आकडे त्याने दोनदा वाचून घेतले,
मग लाजत म्हणाला, रिचार्ज मी कधी संपू देत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी डांबर निवलं की
पट्टा मी धरते, वाट ती ठरवते.
ती नेहमी मळ्याकडेच वळते.

गेटला आता स्प्रिंग आहे, आपोआप लागतं.
तरी कोपऱ्यापर्यंत गेलेली मी परत येते,
पाठीने ढकलून बघते.
तिळी वाट पाहत उभी असते.
घाई नाही करत.