सव्वा इंच

पत्ता विचारला की मी सांगतो, लष्करात राहतो.
पुण्याची माणसं लगेच ताठ बसतात.
मग उलगडून सांगावं लागतं,
लष्कर हा आमच्या ग्वाल्हेरचा भाग,
कधीकाळी फौजेचा तळ पडला, तो उठलाच नाही,
तंबूंच्या जागी सराफा आला, कचोरीवाले आले.
मी फौजी नाही. विमानतळाच्या वर्कशॉपात टर्नर आहे, सिव्हिलियन.
सायकलला डबा, खिशात व्हर्निअर.

नोव्हेंबरात पाहुणे आले. सात विमानं,
तीन आठवड्यांचा संयुक्त सराव.
आकाशातलं मला विचारू नका,
मला फक्त आवाज कळतो, आणि आवाज गेल्यावर
पत्र्यावर परत येऊन बसणारी कबुतरं.
जमिनीवरचं सांगतो.
पहिल्याच सकाळी त्यांचं विमान आमच्या ट्रॅक्टरला जोडेना.
आमच्या टो-बारची पिन बत्तीस मिलिमीटर,
त्यांच्या कडीचं भोक सव्वा इंच,
म्हणजे एकतीस पूर्णांक पंचाहत्तर.
करारावर सह्या झालेल्या,
दोन्ही झेंडे एका उंचीचे, खांब मीच मापून कापलेले,
आणि पाव मिलिमीटरसाठी
अख्खं विमान उन्हात उभं.

वॉरंट ऑफिसर तोमर म्हणाले, "धुमाल, कुछ करो."
वीस वर्षं ते धुमाल म्हणतात, मी ओ देतो.
त्यांची सार्जंट ओचोआ लेथशेजारी येऊन उभी राहिली,
माझ्या छातीवरची पट्टी वाचून म्हणाली, "डूमार?"
मी जीभ उलटी वळवून दाखवली: ळ.
तिनं वळवली.
तोमरांनीही, वीस वर्षांत पहिल्यांदा, वळवून पाहिली.
तीन तोंडं, तीन आवाज.
मी लेथ चालू केला.

पोलादाचा निळसर कीस वळून वळून पडत होता.
शेवटचा हात अगदी हलका, मग एमरी कागद.
तिनं दोन्ही हातांची डोक्यावर फुली केली: थांब.
ही खूण मला कुणी शिकवावी लागली नाही.
पिन आत गेली. चुप्प.
तेलाचा एक थेंब बाहेर आला, तेवढाच.

शेडमध्ये दुसरं घड्याळ टांगलं होतं, झुलू वेळेचं,
आमच्यापैकी कुणाच्याच गावची नसलेली वेळ.
माझ्या जेवणाला त्यात सकाळचे साडेसात.
ओचोआच्या घरी रात्रीचा दीड.
त्या रात्री दीड वाजता तिनं माझ्या डब्यातली
मेथीची भाजी खाल्ली आणि कपाळावरचा घाम पुसला.

फळ्यावर रोज दोन रकाने, निळे आणि लाल.
सोमवारी पाहुणे लाल, म्हणजे शत्रू.
मंगळवारी आम्ही.
बुधवारी दोघेही निळे, आणि लालच्या खाली नुसती रेघ.
मी तोमरांना विचारलं, मग खरा लाल कोण?
त्यांनी चहा ढवळला. साखर कधीच विरघळली होती.
"वो तो ऊपरवाले जानें."
देव म्हणाले, दिल्ली म्हणाले की वैमानिक,
ते मी विचारलं नाही.

निघायच्या दिवशी ती धावपट्टीच्या कडेवरून ओरडली.
इंजिनं सुरू होती, ऐकू काही आलं नाही.
तोंड उघडं दिसलं,
जीभ वर वळलेली.

पिन आता आमच्या कडीत खुळखुळते.
तपासनीसानं तिला लाल चिठ्ठी बांधली: नापास.
भंगारात टाकू का, विचारलं,
तर तोमर म्हणाले, "रहने दो. फिर काम आएगी."
सरावालाच येवो, मी म्हटलं, मराठीतच,
आणि ड्रॉवर ढकलला.
तोही जरासा अडतो.