नव्वदातला एक

सर्जन म्हणाली, आवाज जाण्याचा धोका शंभरात एकीला.
म्हणजे जवळजवळ नाहीच, नेरिस.
आणि कागद माझ्याकडे सरकवला,
पेनचं टोपण काढून.

शंभरात एक.
लानेल्लीच्या जुन्या सिनेमागृहात
मी एकोणीस वर्षं हाउजीचे आकडे पुकारते,
मंगळवारी आणि शुक्रवारी.
नव्वदातला एक मी दर पाच सेकंदांनी बाहेर काढते
आणि कुणाच्या ना कुणाच्या तिकिटावर तो असतोच.
क्वचित म्हणजे काय, ते मला कुणी सांगू नये.

सही केली.

एमलिनला यातलं काही बोलले नाही.
तो बिचारा आठवडाभर सूप करतोय,
लीकचं, बटाट्याचं, पुन्हा लीकचं,
डब्यांवर तारखा टाकून फ्रीजर भरतोय,
जणू माझं ऑपरेशन नाही, वेढा पडणार आहे घराला.
"गिळायला सोपं," एवढंच म्हणतो.
मी आवंढा गिळते.
तो काही सोपा नसतो.

माहितीपत्रकात थायरॉइडचं चित्र आहे, फुलपाखरासारखं.
छापणाऱ्याला वाटलं असेल, बाईला बरं वाटेल.
मला ती गाठ वाटते
तिकीट न घेता आत शिरलेल्या माणसासारखी,
पुढच्या रांगेत खुर्ची अडवून बसलेली,
आणि माझ्याकडेच बघणारी.

काल रात्री दोन वाजता
फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला
आणि पुकारायला लागले. एक ते नव्वद.
आवाज राहिला तर पुसून टाकू.
गेला तर डेल्विनला देईन, तो माझ्या जागी बसेल,
म्हणेन, हे तुकडे कर, वाटेल तसे मिसळ,
आणि वाजव. (म्हणेन? लिहून देईन.)

सातला घसा खरखरला, तसाच ठेवला.
बाविसाला आई आठवली. याच आकड्यावर तिने एकदा
चाळीस पौंड जिंकले होते
आणि बस चुकवून अख्ख्या रांगेला चिप्स खाऊ घातल्या.
छत्तीस: तीन आणि सहा, पाठीला पाठ लावून,
जसे आम्ही दोघं, त्या एका हिवाळ्यात.
अठ्ठावन्नला कुत्रं भुंकलं.
एक्क्याऐंशीला मला रडू का आलं, ठाऊक नाही.
त्या आकड्याशी माझं काहीच नातं नाही.

नव्वदला पोचले तेव्हा दारात एमलिन,
गाऊनची दोरी हातात घेऊन उभा.
केव्हापासून, ते मी विचारलं नाही.
तो म्हणाला, "बासष्ट राहिला."

मी फोन पुन्हा चालू केला.
बासष्ट, म्हटलं.
त्याच्याकडे बघून.

आता स्वान्झी. खिडकीबाहेर अजून अंधार.
मानेच्या घडीवर जांभळ्या शाईची रेघ,
गळ्यातली साखळी पाकिटात, पाकिटावर माझं नाव.
मनगटावरच्या पट्टीवर लांबलचक आकडा;
मनातल्या मनात पुकारून पाहिला,
त्याला चालच नाही.
ढकलगाडी ओढणारा पोरगा म्हणाला,
शुक्रवारी माझी सासू येते तुमच्याकडे.
म्हणते, ती बाई फार भरभर पुकारते.
मला हसू आलं. खरोखरीचं.
छतावरचे दिवे एकेक करून मागे गेले
आणि काही वेळ मी ते मोजायची विसरले.

भुलीचे डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले,
"दहापासून उलटे आकडे म्हणा."

दहा, नऊ, आठ?
पुढचा कोणता ते आधीच कळलं
तर पेन्सिल हातात धरून कोण बसेल?
अशा ओळीने आजवर मी काहीच पुकारलेलं नाही,
काल रात्र सोडली तर,
आणि कालही एक निसटलाच.

शिरेतून गार काहीतरी कोपरापर्यंत चढलं.
मी घसा साफ केला,
शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हातारीला ऐकू जाईल इतका,
आणि म्हटलं,
चौऱ्याहत्तर.