चौदा मिलिमीटर

गोंदरला पाणी त्र्याण्णवलाच उकळतं.
कृती लिहिणारा समुद्रकाठचा असावा,
त्याला आमची उंची ठाऊक नाही.
म्हणून दामाकसेची पानं मी
वीसऐवजी सव्वीस मिनिटं ठेवते
आणि वहीत तसं लिहिते, दोन तारखा घालून,
एक आमची, एक जगाची,
मध्ये सात-आठ वर्षांची दरी.

पानं अराडाच्या बाजारातली, वैझेरो स्न्दूकडची.
पैसे एका जुडीचे घेते, देते दीड.
"ऊन बाधलंय कुणाला?" तिनं विचारलं.
तापानं ओठ फुटले की हीच पानं
तळहातावर चुरून नाकाशी धरतात इथं.
म्हटलं, नाही, काम आहे.
"पानाला आणखी कसलं काम असतं?"

चांदीचं मीठ पाण्यात विरघळलं की दिसतच नाही.
दिसतं दुसऱ्या दिवशी, बोटांवर,
काळं, साबणाला न बधणारं.
लग्नाकार्यात एतागेन्यू मावशी
माझे हात नेतेलाच्या पदराखाली ढकलते:
"मुलगी शिकलेली आहे," सांगते लोकांना,
जणू डागांचं कारण तेच.

पानांचा अर्क थेंबाथेंबानं सोडायचा.
तळाशी जस्ताची पांढरी भुकटी फिरत असते,
पीठ मळायला घ्यावं आणि कुणी हाक मारावी
तशी अर्धवट.
मग रंग चढतो.
आमच्याकडे कॉफी तीनदा उकळतात,
पहिली दाट, तिसरी आशीर्वादापुरती.
चंबूत मात्र सगळं उलटं:
आधी तिसरी, मग दुसरी,
आणि संध्याकाळी, मी पाहत नसताना, पहिली.

आता जिच्यासाठी हे सगळं, ती.
वॉर्ड चार, खाट नऊ, भाजलेली जखम.
क्लेब्सिएला.
सात औषधं पचवून बसलेली.
तिला सदतीस अंश लागतात, मी देते.
खायला लागतं, मी शिजवते.
वीज गेली की इन्क्युबेटरवर
स्वतःची गाबी पांघरते आणि शेजारी कुडकुडते.
इतके लाड मी कुणाचे केले नाहीत.

खाटेवर कोण होतं ते मला सांगत नाहीत. नियम आहे.
चिठ्ठीवर फक्त वय: चार.
खाट रिकामी झाली हे कळलं.
कशी, ते विचारायला गेले होते,
दारापर्यंत.

सकाळी तबकडी उजेडात धरली.
नुसत्या पानाभोवती काही नाही.
(स्न्दूला हे सांगणार नाही.)
नुसत्या जस्ताभोवती काही नाही.
नुसत्या चांदीभोवती धूसर, आहे-नाही असं.
तिन्ही एकत्र होते तिथं मात्र
खळं.
स्वच्छ, गोल, काचेसारखं,
आणि त्याच्या कडेला थबकलेली ती,
चार वर्षांच्या अंगावर वाढलेली.

पट्टी लावली. चौदा.
पुन्हा लावली, दुसऱ्या बाजूनं. चौदा.
डॉक्टर अस्रात चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"कड जरा पुसट आहे, यशिमबेत.
बाहेरून मोजलं तर अठरा भरतील.
अठरा छापतात."
वाईट माणूस नाही तो.
त्याच्या टेबलावर नाकारलेल्या लेखांची चळत आहे
आणि प्रत्येकावर तेच वाक्य:
कणांचा फोटो जोडा.
फोटो काढणारं यंत्र आमच्याकडे नाही.
कुपी टपालानं परदेशी गेली आहे,
पाच महिने झाले.

मी चौदा लिहिलं.
शाईनं. शिसपेन्सिल हाताशी होती.

तबकड्या वाफेत घातल्या, एकशेएकवीस अंशांवर,
त्या बाबतीत यंत्र उंचीचं काही ऐकत नाही.
एक नळी तेवढी ठेवली, बर्फात,
चिठ्ठीसकट.

शनिवारी पुन्हा बाजार.
"झालं का काम?"
मी बोटांच्या चिमटीत दाखवलं, एवढं.
तिनं चिमटी निरखली, मग काळी नखं,
मग तिच्यापलीकडून माझं तोंड.
"एवढ्यातून काय जाणार?" म्हणाली,
आणि जुडी बांधायला घेतली.
या वेळी दोन.