मोठे गुरुजी

खोन केनच्या इमिग्रेशन कचेरीसमोर
माझं झेरॉक्सचं दुकान.
पानाला दोन बाट. फोटोचे वेगळे.
चिंचेखालची चार प्लास्टिकची स्टुलं तेवढी फुकट.

परदेशी म्हातारे मला आधी पासपोर्टावरून कळतात,
चेहरा मागाहून.
पेन्शनच्या व्हिसावर राहतात बिचारे.
वर्षातून एकदा
आपण जिवंत आहोत, आपले पैसे बँकेत आहेत,
आपला कुणाला भार नाही,
हे तीन प्रतींत सिद्ध करून जातात.

त्यातला प्रेबेन लिंडेगॉर, डेन्मार्कचा,
फेरीबोटीवर चाळीस वर्षं मासे तळलेला.
त्याच्या फाइलीला अजून वास येतो
असं साम्रुआय म्हणते. मला कधी आला नाही.

यंदा खिडकीतली कान्लया म्हणाली,
विम्याचा कागदही लागेल, काका, नवा नियम आहे.
तिचा काय दोष,
तिनंही तो रविवारी फोनवरच वाचलेला.

मग माझ्या स्टुलावर बसून त्याने बँकॉकला फोन लावले.
पहिल्या कंपनीने वय विचारलं.
शहात्तर, म्हणाला.
पलीकडून गाणं वाजायला लागलं, ते थांबलंच नाही.
दुसरी म्हणाली, पंच्याहत्तरपर्यंतच घेतो,
गेल्या वर्षी यायचं होतं.
गेल्या वर्षी नियम नव्हता, हा म्हणाला.
ते खरंय, ती म्हणाली. फार गोड आवाज होता.

तिसरीने होकार दिला.
एकोणीस पानं आली, माझ्याच मशिनवर छापली,
गरम गरम, भाकरीसारखी हातात दिली.
हृदय नाही, त्यात स्टेंट आहे.
गुडघे नाहीत, दोन्ही.
साखरेतून जे जे होईल ते नाही.
डावा डोळा नाही.
पाठ? पाठीच्या पुढे फुली.
आणि हप्ता म्हणजे अर्धी पेन्शन.

मग उरलं काय विम्यात, मी विचारलं.
त्याने टकलावरून हात फिरवला.
केस, म्हणाला.
आम्ही हसलो. साम्रुआय नाही हसली.

माझ्या पाकिटात तीस बाटचं कार्ड आहे.
त्याच्यावर माझं पित्ताशय काढलं,
चार दिवस पेजही दिली.
हे मी त्याला सांगितलं नाही.
गल्ल्यात उगाच चिल्लर शोधत बसले.

गुरुवारी तो पुन्हा आला, दुसराच फॉर्म घेऊन.
विद्यापीठाचं बोधचिन्ह वर, मेडिकल कॉलेजचा.
काचेवर ठेवताना मी वाचला. वाचू नये, पण वाचते.
देहदान.
वय अठराच्या पुढे. पुढे म्हणजे किती,
ते लिहिलंच नव्हतं.
आधीचे आजार असल्यास सविस्तर नोंदवावेत.
त्याने पाठपोट भरून नोंदवले होते,
स्टेंटचं साल, गुडघ्यांची, डावा डोळा,
सुवाच्य अक्षरात,
आचारी भांड्यांची यादी करतो तसे.

आमच्यात त्या टेबलावरच्या देहाला
प्रेत म्हणत नाहीत.
मोठे गुरुजी म्हणतात.
पोरं आधी हात जोडतात, मग सुरी उचलतात.
हे मी त्याला सांगितलं.
तो बराच वेळ फॉर्मकडेच बघत राहिला.
सातवीत शाळा सोडली मी, म्हणाला,
गणित येईना.

साक्षीदार म्हणून साम्रुआयची सही हवी होती.
तिने स्कूटरवर बसूनच केली, फॉर्म मांडीवर धरून,
इंजिन चालू ठेवून.
याला पासपोर्टची प्रत लागते का, तिनं विचारलं.
लागते.
मी काढली.

चौदा बाट झाले. त्याने वीस दिले,
मी सहा मोजून परत केले.
खिडकी साडेचारला बंद होते.
चार वीसला तो रांगेत उभा होता,
काखेत दोन फाइली,
कुठली आधी पुढे करायची ते चाचपत.

साम्रुआयनं तेव्हा कुठे स्कूटर बंद केली.