परिशिष्ट क

नोटीस दिल्लीची. चार पानं.
दिनांक सहा, सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी
आपल्या केंद्रावरून बातमी प्रसारित झाल्याची तक्रार.
खुलासा पंधरा दिवसांत.

केंद्र म्हणजे ताडीवाला रोडला
समाजमंदिराच्या वरची खोली,
भिंतींना अंड्यांचे ट्रे,
आणि माइकसमोर शेवंता ओव्हाळ,
जिचा आवाज संगम पुलापलीकडे गेला की खरखरतो.

ध्वनिमुद्रण तीन महिने जपायचं, असा नियम.
मी पेनड्राइव्ह घेऊन पोचले
तो अठ्ठ्याऐंशीवा दिवस होता.
आणखी दोन दिवस, आणि त्या सकाळीवर
दुसरी एखादी सकाळ चढली असती,
बचतगटाची, नाहीतर मुतखड्यावरच्या सल्ल्याची.

सोनटक्के काका चाळीस वर्षं शिवाजीनगर कोर्टात.
तीन वकील त्यांच्या हाताखाली म्हातारे झाले.
त्यांनी मला शिकवलं :
पानांना आकडे आधी पेन्सिलीने, शाईने सगळ्यात शेवटी,
कारण साहेबांना रात्री अकराला एक पान आठवतं.
दाभणाचं टोक स्वतःकडे नाही.
पावती हातात आल्याशिवाय लिफाफ्याकडे पाठ नाही.
आणि ऐकलेलं उतरवताना
कानात आलं तेच. सुधारायचं नाही.
शुद्धलेखन म्हणजे पुराव्यात ढवळाढवळ.

हेडफोन लावून बसले.
दोन सेकंद मागे. पुन्हा. दोन सेकंद मागे.
'उद्या बी पानी येनार न्हाई.'
ही सूचना. सूचनेला परवानगी आहे.
'आन तीन दिस झालं, आलंच न्हाई.'
ही बातमी.
साहेब हसले, बशीतला चहा हिंदकळला :
म्हणजे भविष्यकाळ चालतो,
भूतकाळ अंगाशी येतो.

त्यानंतर ती थांबली आहे.
मुद्रणात नुसती खोली ऐकू येते.
मी लिहिलं : मागे कुणीतरी रिकामी कळशी ठेवली.
काकांनी चष्मा कपाळावर ढकलला.
रिकामी कशावरून?
आवाजावरून.
कळशी कशावरून?
मी गप्प.
कुणीतरी कशावरून? मांजरही असेल.
खोडरबर त्यांनीच पुढे केलं.
आता तिथे एवढंच आहे :
सात बारा चाळीस. धातूचा आवाज. एकदा.

आणि थांबणं?
थांबण्याचा वेळ लिहायचा, काका म्हणाले, अर्थ लिहायचा नाही.
अर्थाची फी साहेब घेतात.
अकरा सेकंद, मी लिहिलं. शांतता.
ओळीला तेवढीच जागा लागली जेवढी नमस्काराला.

मग प्रत खरी असल्याचं प्रमाणपत्र.
फाइलचा ठसा, चौसष्ट अक्षरांचा,
काका पडद्यावरून मोठ्याने वाचत, मी कागदावर बोट ठेवत,
सात, ब, शून्य, शून्य, फ,
एखाद्या नव्या देवाची नामावळी असावी तसं.
एक अक्षर चुकलं तर शेवंता खोटी.
खालच्या झेरॉक्सवाल्याने शटर अर्धं ओढलं होतं.
वाकून आत गेले. तीन संच. सव्वादोनशे रुपये.
सिटी पोस्टाच्या शेवटच्या खिडकीवरच्या माणसाने
लिफाफा तोलला, त्यात काय आहे विचारलं.
कागद, म्हटलं.

निकाल यायचाय. दिल्लीला घाई नसते.

या बुधवारी उठले ती मुद्दाम लवकर.
रेडिओ खिडकीत, एरियल कात्रजकडे वळवून.
शेवंता म्हणाली, अगदी जपून, पुस्तकातल्यासारखं :
'उद्या गुरुवारी पाणी येणार नाही.'
मग थांबली.
सवयीने माझं बोट टेबलावर आपटत राहिलं.
चार.
नंतर मुतखड्याचे डॉक्टर.